पायथनमधील अ‍ॅरे सी आणि फोर्ट्रानला देताना नेमके काय दिले जाते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचे वर्षभराचे ३६५ दैनिक आकडे पायथनमधील नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत आहेत. ते सीटाइप्स या, पायथनमधून सीची फंक्शने बोलावणाऱ्या, मोड्यूलच्या साहाय्याने सी भाषेतील एका लहान लायब्ररीला दिले, की घरच्या लिनक्स लॅपटॉपवर वार्षिक बेरीज बरोबर येते. महाविद्यालयातील विंडोज संगणकावर मात्र तोच कोड त्याच आकड्यांची बेरीज फारच कमी दाखवतो आणि कोठेही एरर येत नाही. यापुढे आपल्याला पाणलोटाच्या कामासाठी उंचीच्या आकड्यांचा द्विमितीय अ‍ॅरे एका जुन्या फोर्ट्रान रूटीनला द्यायचा आहे, आणि तेथेही असेच होईल अशी आपल्याला धास्ती आहे. ही धास्ती रास्त आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात बसून बरीच वर्षे हेच काम करतो, आणि या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

एका भाषेतून दुसऱ्या भाषेतील फंक्शनला अ‍ॅरे 'पाठवला' असे आपण म्हणतो, पण सीच्या पद्धतीने केलेल्या हाकेत पलीकडे जातो तो फक्त एक पत्ता: मेमरीत पहिला बाइट कोठे आहे, एवढेच. घटक किती आहेत, प्रत्येक घटक किती बाइटचा आहे, पूर्णांक आहे की दशांश, ओळी किती आणि स्तंभ किती, मधल्या नोंदी सोडून वाचायचे आहे का, ही मेमरी कोणाची आणि ती केव्हा मोकळी होणार, यांपैकी काहीही त्या पत्त्याबरोबर जात नाही. नमपायकडे प्रत्येक अ‍ॅरेचा जणू सातबारा असतो. त्यात घटकाचा प्रकार, आकार आणि स्ट्राइड, म्हणजे एका घटकापासून पुढच्या घटकापर्यंत किती बाइट चालायचे ते अंतर, हे सारे नोंदलेले असते. सीला आपण सातबारा देत नाही. धुऱ्याच्या एका कोपऱ्यावर नेऊन उभे करतो आणि शेत येथून सुरू होते असे सांगतो. ते किती लांब आहे हे सी विचारत नाही. सीच्या फंक्शनमध्ये आत आलेल्या अ‍ॅरेचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधील आकार, काढला, तरी ६४-बिट यंत्रावर ८ हेच उत्तर येते, कारण तो अ‍ॅरेचा नव्हे तर पॉइंटरचा, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलाचा, आकार असतो. म्हणून राहिलेली सगळी माहिती आपण दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे लिहायची असते, आणि दोन्हीकडचे लिखाण जुळते की नाही हे पाहणारा तिसरा कोणी नसतो.

आता आपला विंडोजचा घोटाळा. आपण पाठवलेल्या सी फंक्शनमध्ये घटकाचा प्रकार 'लाँग' असा लिहिलेला आहे आणि पायथनच्या बाजूला अ‍ॅरे इंट६४, म्हणजे ८ बाइटच्या पूर्णांकांच्या, प्रकारचा आहे. ६४-बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, त्यामुळे जुळते. ६४-बिट विंडोजवर मात्र लाँग ४ बाइटचाच असतो. तेथे सी आपला प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत वाचते. आपले संगणक कमी मूल्याचे बाइट आधी ठेवतात, म्हणून पहिल्या तुकड्यात खरा आकडा मिळतो आणि दुसऱ्यात शून्य. १२, ०, ४५ हा तीन दिवसांचा पाऊस १२, ०, ०, ०, ४५, ० असा दिसतो. प्रत्येक दिवसानंतर एक कोरडा दिवस घुसला, आणि पावसाच्या आकड्यांत शून्ये विपुल असतातच, त्यामुळे आकडे छापून पाहिले तरी डोळ्याला खटकत नाहीत. शिवाय फंक्शन ३६५ वेळाच वाचून थांबते, म्हणजे त्याच्या वाट्याला पहिल्या १८३ दिवसांचेच आकडे येतात. लीप वर्ष नसेल तर १८३ वा दिवस म्हणजे २ जुलै. आपल्या विंडोजवरील 'वार्षिक' बेरजेत जूनचा पाऊस आणि जुलैचे दोन दिवस आहेत. पऱ्हाटीला (कपाशीला) खरा पाऊस लागतो ते सगळे महिने बाहेर राहिले. पायथनमध्येच पहिल्या १८३ घटकांची बेरीज करून पाहा, ती विंडोजच्या उत्तराशी तंतोतंत जुळायला हवी. जुळली नाही तर चूक दुसरीकडे आहे आणि मला पुन्हा लिहा.

यावरचा उपाय सरळ आहे. दोन भाषांच्या सीमेवर इंट, लाँग असे सैल प्रकार लिहूच नयेत. सी९९ मानकापासून एसटीडीइंट या हेडरमध्ये इंट३२_टी, इंट६४_टी असे ठरावीक रुंदीचे प्रकार मिळतात. सीमेवर तेच वापरावेत. नमपायच्या बाजूलाही नुसते 'इंट' लिहू नये, कारण विंडोजवर नमपायचा आपोआप मिळणारा पूर्णांक आवृत्ती २.० येईपर्यंत ३२-बिट होता आणि त्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, तो ६४-बिट झाला. आपण इंट६४ असे स्पष्ट लिहिले नसते, तर जुन्या नमपायवर दोन्ही बाजू योगायोगाने जुळल्या असत्या आणि नवीन नमपाय टाकल्याच्या दिवशी बिघडल्या असत्या. पावसासाठी मी तर फ्लोट६४ आणि सीचा डबल ही दशांश प्रकारांचीच जोडी सुचवेन. ती दोन्ही यंत्रणांवर ८ बाइटची असते आणि मिलिमीटरचा दशांशही हरवत नाही.

सीटाइप्स २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून, प्रमाण लायब्ररीत आहे, आणि त्याची एक खोड अजून तशीच आहे: आपण काही सांगितले नाही तर फंक्शन सीचा इंट परत करते असे ते गृहीत धरते. एखादे फंक्शन पॉइंटर परत करत असेल आणि रिस्टाइप, म्हणजे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, लिहायचे राहिले असेल, तर ६४ बिटांच्या पत्त्यातील निम्मा भाग कापला जातो. लहान प्रोग्रॅममध्ये असा कापलेला पत्ता कधी कधी योगायोगाने बरोबरही ठरतो, म्हणून हा दोष महिनोन्महिने दबून राहू शकतो. प्रत्येक फंक्शनसाठी आर्गटाइप्स (दिल्या जाणाऱ्या मूल्यांचे प्रकार) आणि रिस्टाइप लिहिणे हा माझ्या दृष्टीने ऐच्छिक भाग नाही. अ‍ॅरेसाठी नमपायच्या सीटाइप्सलिब विभागातील एनडीपॉइंटर वापरावा. त्यात घटकाचा प्रकार, मितींची संख्या आणि मेमरीची सलगता नोंदवून ठेवता येते, आणि चुकीचा अ‍ॅरे आला तर सीपर्यंत पोचण्याआधीच पायथनमध्ये एरर मिळतो. आपला विंडोजचा घोटाळा मात्र एनडीपॉइंटरनेही पकडला नसता, कारण पायथनच्या बाजूने सगळे ठीकच होते आणि सीच्या घोषणेत काय लिहिले आहे ते पायथनला दिसत नाही.

सलगतेविषयी थोडे अधिक सांगतो, कारण पुढची अडचण तेथूनच येते. नमपायमध्ये एका तक्त्यातून एक स्तंभ काढला, दर सातवा दिवस घेतला किंवा अ‍ॅरे उलटा केला, तर नवीन मेमरी घेतली जात नाही. जुन्याच मेमरीवर नवा सातबारा तयार होतो. पायथनमध्ये तो अ‍ॅरे अगदी शहाण्यासारखा वागतो, पण त्याचा पत्ता सीला दिला की सी मधले न सोडता सरळ पुढे वाचत जाते आणि शेजारच्या स्तंभांचे आकडे उचलते. यासाठी अ‍ॅस्कंटिग्युअसअ‍ॅरे हे फंक्शन आहे. अ‍ॅरे आधीच सलग असेल तर ते प्रत काढत नाही, नसेल तर काढते. येथे एक खाच आहे. ही प्रत कोणत्याही नावात न ठेवता त्याच ओळीत तिचा पूर्णांक पत्ता काढून घेतला आणि तो पुढच्या ओळीत सीला दिला, तर मधल्या क्षणी पायथन ती प्रत टाकून देते, कारण तिला धरून ठेवणारे कोणी उरलेले नसते. पत्ता हातात राहतो आणि शेत दुसऱ्याला मक्त्याने गेलेले असते. प्रत आधी नावात ठेवावी आणि फंक्शनचे काम संपेपर्यंत ते नाव जिवंत राहू द्यावे. आणखी एक गोष्ट: फंक्शनने त्या अ‍ॅरेत उत्तर लिहिले असेल, तर ते प्रतीत लिहिले जाते, मूळ अ‍ॅरेत नाही. उत्तर शून्यच येते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे उत्तर त्या प्रतीबरोबर गेलेले असते.

आता उंचीचा अ‍ॅरे. आपण एसआरटीएमची फाइल वापरणार आहात असे लिहिले आहे. एंडेव्हर अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मापनातून ही माहिती तयार झाली. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या तुकड्याची एक फाइल असते आणि तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून तिला नाव दिलेले असते. २० अंश उत्तर, ७८ अंश पूर्व या नावाच्या तुकड्यात वर्धा आणि यवतमाळ ही दोन्ही शहरे येतात. एक आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) फाइलमध्ये ३६०१ ओळी आणि ३६०१ स्तंभ, म्हणजे १,२९,६७,२०१ आकडे असतात. प्रत्येक आकडा २ बाइटचा, चिन्हासहित पूर्णांक, आणि मोठ्या मूल्याचा बाइट आधी. हा बाइटक्रम आपल्या यंत्राच्या उलट आहे. नमपायला वाचतानाच तसे सांगितले तर ते पायथनमध्ये बरोबर उंची दाखवते, पण मेमरीत बाइट जसेच्या तसे राहतात. पत्ता सीला किंवा फोर्ट्रानला दिला की ३०० मीटरची उंची ११,२६५ मीटर होते. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. खरी फसवणूक रिकाम्या जागांची आहे: जेथे मापन मिळाले नाही तेथे −३२७६८ लिहिलेले असते, आणि बाइट उलटले की त्याचे १२८ होतात. १२८ मीटर ही कोणालाही खरी वाटेल अशी उंची आहे. म्हणून फाइल वाचल्याबरोबर अ‍ॅरे यंत्राच्या स्वतःच्या बाइटक्रमात, आणि जमल्यास फ्लोट६४ मध्ये, बदलून घ्यावा. असा अ‍ॅरे सुमारे १०४ मेगाबाइटचा होतो, जो आजच्या साध्या लॅपटॉपला जड नाही.

यानंतर ओळ आधी की स्तंभ आधी, हा प्रश्न येतो. मेमरी ही नांगराची एकच लांबलचक तास आहे. द्विमितीय असे तिच्यात काही नसते. नमपाय आणि सी पहिली ओळ पूर्ण मांडून मग दुसरी ओळ मांडतात, तर फोर्ट्रान पहिला स्तंभ पूर्ण करून दुसऱ्याकडे जाते. आर आणि ज्युलिया या भाषाही फोर्ट्रानच्याच बाजूच्या आहेत. दोन ओळी आणि तीन स्तंभांच्या अ‍ॅरेत ११, १२, १३ आणि २१, २२, २३ असे आकडे भरून तो तसाच फोर्ट्रानला दिला, तर फोर्ट्रान दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात २१ ऐवजी १२ वाचते. आकार चौरस नसेल तर गोंधळ लवकर उघड होतो. आपला तुकडा मात्र ३६०१ गुणिले ३६०१ असा चौरस आहे. आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावली की डवरा उभाही चालतो आणि आडवाही, आणि वावराच्या मधोमध उभे राहिलेल्या माणसाला पेरणी कोणत्या दिशेने झाली हे ओळखता येत नाही. चौरस अ‍ॅरेचे तसेच आहे. नकाशा कर्णाभोवती पालथा होतो आणि कोणतीही तपासणी तक्रार करत नाही.

माझ्याकडून हेच झाले होते. पाण्याचा प्रवाह कोणत्या दिशेने जाईल हे काढणाऱ्या फोर्ट्रान रूटीनला मी नमपायचा अ‍ॅरे सीटाइप्सने सरळ देऊन टाकला. आलेल्या नकाशात वर्धा नदी वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना दिसली, आणि मी निर्धास्त झालो. पण वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी रेघ कर्णाभोवती पालथी केली तरी तिची दिशा तीच राहते! बदलतात ते पूर्वेकडे वाहणारे नाले. ते दक्षिणेकडे वाहू लागतात. कर्णाच्या अगदी जवळ असलेल्या एका गावात, जेथे पालथ्या नकाशातही जागा फारशी सरकत नाही, मी तो कागद एका वयस्कर शेतकऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "आपला नाला तं उगवतीकडे जाते ना भाऊ, तुमी त्याले दक्षिणेकडे कायले नेला?" शेततळ्याच्या जागा त्या नकाशावरून ठरायच्या होत्या. तेव्हापासून मी कोणतेही नवे रूटीन आधी दोन ओळी आणि तीन स्तंभांच्या, प्रत्येक घरात वेगळा आकडा असलेल्या अ‍ॅरेवर चालवतो आणि फोर्ट्रानकडून ते आकडे एकेक करून छापून घेतो. चौरस किंवा एकाच आकड्याने भरलेला अ‍ॅरे चाचणीला घेत नाही.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे अ‍ॅस्फोर्ट्रानअ‍ॅरे वापरून स्तंभक्रमाची प्रत काढून देणे. दुसरा, मला अधिक आवडणारा, म्हणजे प्रत न काढता फोर्ट्रानमध्ये निर्देशांकांचा क्रम उलटा घोषित करणे, म्हणजे आपला ओळ-स्तंभ तिकडे स्तंभ-ओळ होतो आणि मेमरीला हात लागत नाही. मात्र मग फोर्ट्रानमधील आतले आवर्तन (लूप) पहिल्या निर्देशांकावर फिरते आहे ना, हे पाहावे. ते उलटे असेल तर प्रत्येक पावलाला २८,८०८ बाइटची उडी पडते आणि काम डोळ्यांना दिसेल इतके मंदावते. एफटूपाय हे फोर्ट्रान पायथनला जोडणारे साधन वापरलात तर केवळ वाचण्यासाठी दिलेल्या अ‍ॅरेची योग्य क्रमातील प्रत ते स्वतः काढते. पायथन आणि फोर्ट्रान एवढ्याच दोन भाषा असतील तर मी तोच मार्ग सुचवेन. सीटाइप्सनेच जायचे असेल तर रूटीनवर फोर्ट्रान २००३ मधील बाइंड-सी ही जोड लावावी आणि प्रकार आयएसओ सी बाइंडिंग या मोड्यूलमधून घ्यावेत. ते न केल्यास जीफोर्ट्रान हा कंपायलर नावामागे अधोरेखा जोडते आणि पायथनला फंक्शन सापडतच नाही. ओळींची संख्या यांसारखे साधे आकडेही फोर्ट्रान पत्त्यानेच घेते. व्हॅल्यू असे लिहिले तरच ते मूल्याने जातात. हे विसरले की फोर्ट्रान ३६०१ हाच पत्ता समजून तेथे वाचायला जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. कोसळतो हे बरे, कारण या क्षेत्रातील बाकीच्या बहुतेक चुका अळीमिळी गुपचिळी करून बसतात.

सीला द्विमितीय अ‍ॅरे देताना 'डबल स्टार स्टार' अशी घोषणा करण्याचा मोह होतो, आणि आपल्या दुसऱ्या फाइलमध्ये मला ती दिसली. ती पॉइंटरांच्या यादीसाठी असते. नमपायचा अ‍ॅरे एकच सलग पट्टा आहे. त्या घोषणेने सी आपल्या पहिल्या उंचीलाच पत्ता समजेल. एकच स्टार ठेवा, ओळी आणि स्तंभ वेगळे पाठवा, आणि घराचे स्थान ओळ गुणिले स्तंभसंख्या अधिक स्तंभ असे स्वतः काढा.

मेमरी कोणाची, याचे उत्तर मी नेहमी एकच देतो: ज्या बाजूने घेतली तिनेच सोडावी. उत्तरासाठी लागणारा अ‍ॅरे पायथनमध्येच तयार करून सीला भरायला द्यावा, आणि त्याची लांबीही द्यावी. उत्तर किती मोठे येईल हे आधी ठाऊक नसेल, तर फंक्शन दोनदा बोलवावे. पहिल्यांदा नुसती लांबी विचारावी आणि दुसऱ्यांदा भरून घ्यावे. लायब्ररीने स्वतःच मेमरी घेतलीच, तर ती सोडणारे फंक्शनही त्याच लायब्ररीने द्यावे. विशेषतः विंडोजवर दोन डीएलएलच्या (लायब्ररीच्या फाइलींच्या) सी रनटाइम वेगळ्या असू शकतात आणि एकीची मेमरी दुसरीच्या फ्री या फंक्शनने सोडणे धोक्याचे ठरते.  

शेवटी पावसाकडे परत येतो, कारण आपल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये एक वेगळा दोष आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झालेले दिवस आपण मोजता, म्हणजे अतिवृष्टीचे. ज्या दिवशी नोंदच झाली नाही तेथे पायथनमध्ये एनएएन, म्हणजे 'आकडा नाही' ही खूण, आहे. तो सीमध्ये डबल म्हणून सुखरूप पोचतो, पण एनएएनची कोणत्याही आकड्याशी केलेली 'मोठा आहे का' ही तुलना खोटीच ठरते. म्हणजे यंत्र बंद पडलेला दिवस गुपचूप 'अतिवृष्टी नाही' असा मोजला जातो. मुसळधार पावसातच यंत्रे बंद पडतात हा आमचा इकडचा अनुभव, तेव्हा ही चूक नेमकी नको त्या दिवशी होते. नोंद नसलेल्या दिवसांची संख्या त्या फंक्शनने वेगळी परत करावी. हेच आकडे आपण आरमधून पूर्णांक म्हणून पाठवले असते, तर नोंद नसलेला दिवस सीमध्ये −२१४७४८३६४८ असा पोचला असता आणि साध्या बेरजेत मिसळून गेला असता.

प्रयोगशाळेतील संगणकावर नवीन डीएलएल नेण्यापूर्वी तेथील पायथन ३२-बिट आहे की ६४-बिट हे आधी पाहून घ्या. ३२-बिट पायथन ६४-बिट डीएलएल उघडू शकत नाही, आणि त्या वेळी येणारा एरर एवढा मोघम असतो की माणूस अ‍ॅरेतच दोष शोधत बसतो.